वाटेत तीन ठिकाणी उशीर
आदिवासी आई आणि बाळ अजून का दगावतात, आणि आपण नेमके काय करू शकतो





मागच्या महिन्यात दादरच्या एका भगिनींनी उपासनेनंतर मला थांबवून विचारले, "आता तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते. पैसेही मिळतात. मग आदिवासी पाड्यांवर आया आणि बाळे अजून का जातात? लोकच ऐकत नाहीत का?" प्रश्न मनापासूनचा होता. दोन मिनिटांत उत्तर देता आले नाही, म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात एका घटनेने करते. मोखाड्याच्या पुढच्या एका पाड्यावरची वीस-बावीस वर्षांची वारली मुलगी, पहिलटकरीण, आठवा महिना. दिवाळीनंतर नवरा-बायको वीटभट्टीवर गेले होते. शेठची उचल फिटेपर्यंत निघता येत नव्हते. होळीला गावी आली तेव्हा पाय सुजलेले, तीन दिवस डोके दुखत होते. घरच्यांना वाटले, भट्टीवरच्या कामाने थकली असेल. चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिला झोळीतून रस्त्यापर्यंत आणले, तिथून जीपने दवाखान्यात. तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या आणि शेवटी चिठ्ठी घेऊन मुंबईला.

मी पोहोचले तेव्हा नवरा रुग्णालयाच्या जिन्याखाली हातात कागद घेऊन उभा होता. कुठल्या खिडकीवर जायचे ते त्याला कळत नव्हते, आणि विचारायची भीती वाटत होती. आत मुलगी आपल्या बोलीत डोके फुटतेय असे सांगत होती. "सगळ्याच असे म्हणतात, गप पडून राहा," असे तिला सांगितले गेले. त्यानंतर तिला झटके आले. डॉक्टरांनी धावपळ केली, आई वाचली. बाळ चौदाशे ग्रॅमचे होते. तिसऱ्या दिवशी गेले.

माझीही चूक सांगते. मी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून "धीर धर" म्हणाले, पण तो दोन दिवस जेवला आहे का, हे विचारले नाही. तो जेवला नव्हता.

तीन उशीर

बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करणारे लोक तीन उशीर सांगतात. पहिला, घरी निर्णय घेण्यातला. दुसरा, दवाखान्यात पोहोचण्यातला. तिसरा, पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. या मुलीच्या बाबतीत तिन्ही झाले.

पहिला उशीर आपल्याला सहज दिसतो आणि म्हणून आपण लोकांना दोष देतो. पण गरोदरपणात सूज, सतत डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे आहेत, हे तिला कोणी सांगायचे होते? तिची नोंद गावच्या अंगणवाडीत झाली, पण ती भट्टीवर गेल्यावर तपासण्या थांबल्या. भट्टीजवळच्या आरोग्यसेविकेच्या यादीत तिचे नाव नव्हते. रक्तदाब मोजणे आणि लघवीतले प्रथिन तपासणे, या दोन स्वस्त तपासण्यांनी धोका आधीच कळला असता. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शनही महागडे नाही.

दुसरा उशीर अंतराचा. जव्हारपासून मुंबई दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, मोखाडा त्याहून पुढे. पावसाळ्यात ओढे भरले की काही पाड्यांवर गाडी जात नाही. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंत बाई झोळीतच असते.

तिसरा उशीर आपल्या शहरातला आहे. तो आपल्याला सर्वांत कमी दिसतो.

सरासरी काय लपवते

२०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, तर देशात ९७. आपले राज्य चांगल्या राज्यांपैकी आहे, यात शंका नाही. पण सरासरीत परळही येते आणि मोखाडाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा बालमृत्युदर दर हजारी सुमारे ३५ होता. अनुसूचित जमातींत तो सुमारे ४२ होता.

हा फरक जन्मजात नाही. जव्हारमधील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले. त्यानंतर १९९५ मध्ये सरकारने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आणली. म्हणजे प्रश्न माहीत होऊन तीस वर्षांहून अधिक काळ झाला.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू गोऱ्या मातांच्या सुमारे तिप्पट आहेत. तिथे बहुतेक सर्व बाळंतपणे रुग्णालयातच होतात. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिने २०१७ मध्ये मुलीच्या जन्मानंतरचा आपला अनुभव जाहीरपणे सांगितला आहे. श्वास लागताच तिने फुप्फुसात गुठळी झाल्याचा संशय नर्सला सांगितला, पण औषधांमुळे ती गोंधळली असावी असे नर्सला वाटले. तिने हट्ट धरला तेव्हा तपासणी झाली आणि गुठळ्या सापडल्या. पैसा आणि नाव असलेल्या बाईला हट्ट धरावा लागतो, तर वारली बोलीत हळू आवाजात बोलणाऱ्या मुलीचे काय? दवाखान्यापर्यंत पोहोचणे ही अर्धी वाट आहे. उरलेली अर्धी म्हणजे तिचे म्हणणे ऐकले जाणे.

परळने हे पाहिले आहे

लालबाग-परळच्या वाचकांनी आपल्या आजी-पणजीची आठवण काढावी. १९२१ मध्ये मुंबईच्या नोंदींनुसार दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत होती. अनेक बायका बाळंतपणाला कोकणात जात, त्यामुळे जन्मांची नोंद कमी होई आणि आकडा फुगे, हे खरे. तरीही चाळींतली परिस्थिती भयंकर होती. तेव्हाही लोक म्हणत की गिरणीतल्या बायकांना काही कळत नाही.

मग काय बदलले? १९२६ मध्ये परळला नौरोजी वाडिया प्रसूती रुग्णालय आणि केईएम सुरू झाले, १९२९ मध्ये मुलांचे वाडिया रुग्णालय. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. कामगार बाईला बाळंतपणात सुट्टी आणि पैसे मिळू लागले. जवळचा दवाखाना, विसावा आणि हातात थोडा पैसा आला, तशी तीच बाई आपले बाळ जपू शकली. वीटभट्टीवरच्या बाईला नेमके हेच तीन अजून मिळालेले नाहीत.

काय उपयोगी पडते

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणे, ऊब देणे, अंगावर पाजायला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. तेथील नवजात मृत्युदर दर हजारी ६२ होता, तो १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हाच अनुभव आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा आठवतात का? फारोच्या हुकमापुढे बाळे वाचवली ती दोन सुइणींनी. पाड्यावरची आशा ताई त्याच कामातली आहे.

याशिवाय काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' आहे. दिवस भरत आलेली बाई तिथे आधीच येऊन राहू शकते. झोळीचा प्रवास टळतो. अमृत आहार योजनेत (२०१५ पासून) गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि घरी परत सोडण्याची गाडी मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही. आमच्या त्या जोडप्याला परतीच्या गाडीचा हक्क कोणी सांगितला नाही. त्यांनी परतीच्या भाड्यासाठी पुन्हा शेठकडून उचल घेतली.

आपण काय करावे

१. दूध पावडरचे डबे आणि बाटल्या कृपा करून पाठवू नका. गेल्या नाताळात प्रेमाने बरेच डबे आले. पण पाड्यावर पाणी उकळायला सरपण पुरत नाही, बाटली स्वच्छ राहत नाही, डबा संपला की पावडर पातळ केली जाते आणि बाळाला जुलाब होतात. तोवर आईचे दूधही आटते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध हवे. आईचे दूध कमी पडलेल्या आजारी बाळांसाठी शीव रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे. तिथे दूध दान करता येते, हे आपल्या मंडळीतल्या नव्या आयांना जरूर सांगा.

२. त्याऐवजी मऊ सुती कापड, टोपी, पायमोजे आणि आईसाठी शाल द्या. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला सगळ्यात जास्त गरज उबेची असते. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळली की त्याला ऊब मिळते आणि ते दूधही नीट पिते.

३. सोबत करा. गिरगाव ते दादर पट्ट्यातल्या मंडळींमध्ये निवृत्त परिचारिका, शिक्षिका, कारकून पुष्कळ आहेत. पाड्यावरून रुग्ण येणार असल्याचा निरोप आला की दोघांनी जायचे. खिडकी दाखवायची, केसपेपर काढायचा, बाईचे म्हणणे डॉक्टरांना नीट सांगायचे, नवऱ्याला जेवू घालायचे. डॉक्टर-नर्सशी भांडायचे नाही, त्याही कामाच्या ओझ्याखाली असतात. पण "ही म्हणते डोके फार दुखतेय, एकदा रक्तदाब बघाल का?" हे वाक्य म्हणायला कोणीतरी तिथे असले पाहिजे.

४. रक्तदान करा. बाळंतपणातला रक्तस्राव फार थोड्या वेळात जीव घेतो.

५. भट्टीवर जाणाऱ्या गरोदर बायकांची यादी आम्ही दिवाळीआधी करू इच्छितो, म्हणजे भट्टीजवळच्या आशा ताईला ती देता येईल. यासाठी प्रवासखर्च आणि फोनचा रिचार्ज एवढीच रक्कम लागते.

ती मुलगी यंदा पुन्हा गरोदर आहे. या वेळी तिची नोंद तिसऱ्या महिन्यात झाली, रक्तदाब दर महिन्याला मोजला जातो, आणि ती भट्टीवर गेलेली नाही. पण उचल अजून फिटलेली नाही, म्हणून नवरा एकटाच गेला आहे. पौष महिन्यात तिचे दिवस भरतील. तिला मुंबईला यावे लागले, तर जिन्याखाली उभे राहायला कोण कोण तयार आहे, ते आपल्या पाळक साहेबांकडे नाव देऊन कळवावे. तिच्यासाठी प्रार्थनाही करावी.

आपली सेवेतील भगिनी