पेशीच्या आतलं पचन

कोल्हापुरात पचनाचा विषय निघाला की तांबडा-पांढरा रस्सा आधी आठवतो. पण तो पचतो पोटात. आज आपण पेशीच्या आत डोकावणार आहोत.

शाळेत आपण लयकारिका म्हणजे 'आत्मघाती पिशव्या' असं पाठ केलं. आम्हाला हे नाव फारसं पटत नाही. त्यांचं रोजचं काम मोडतोडीचं: पेशीने गिळलेलं आणि पेशीतलंच जुनं झालेलं, दोन्ही इथे येतं. पन्नासेक विकरं ते फोडतात, सुटे भाग पेशी पुन्हा वापरते. आतला सामू साधारण 4.5 ते 5, बाहेर 7.2. म्हणजे आत शंभरपटींहून जास्त आम्लता! विकरं त्या आम्लातच नीट चालतात, म्हणून थोडी गळती झाली तरी पेशी लगेच मरत नाही.

याचा शोध गमतीशीर आहे. बेल्जियमचे ख्रिश्चन द ड्यूव्ह उंदराच्या यकृतातलं एक विकर मोजत होते. ताज्या नमुन्यात ते कमी भरलं. काही दिवस फ्रीजमध्ये ठेवल्यावर वाढलेलं दिसलं. म्हणजे ते कुठल्यातरी पडद्याआड कोंडलेलं होतं. 1955 मध्ये त्या पिशवीला नाव मिळालं, 1974 मध्ये द ड्यूव्ह यांना नोबेल.

आता समजा, पन्नासातलं एकच विकर नाही. गोशे नावाच्या आजारात तेच होतं. प्लीहेतल्या भक्षक पेशी जुन्या रक्तपेशी गिळतात, पण त्यांच्या आवरणातला एक मेद फुटत नाही, साठत राहतो. प्लीहा फुगते, रक्त कमी होतं, हाडं दुखतात. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तरच हा आजार होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न होतं, तेव्हा दोघांकडे तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. हे बोलायला अवघड आहे, पण बोललं पाहिजे.

उपचार आहे. 1991 पासून अमेरिकेत हे विकर सलाइनमधून देता येऊ लागलं. त्याच्यावरची साखर अशी छाटलेली असते की भक्षक पेशी ते स्वतःहून गिळतात, आणि ते थेट लयकारिकेत पोचतं. पण औषध आयुष्यभर, आणि अतिशय महाग. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात पुढे 50 लाखांपर्यंत मदतीची सोय झाली. जन्मभराच्या औषधाला ती पुरत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबईचं केईएम रुग्णालय नेमलेलं आहे.

तेव्हा एखाद्या मुलाचं पोट मोठं होत असेल, रक्तवाढीची औषधं देऊनही गुण येत नसेल, तर डॉक्टरांना विचारा: विकराची रक्ततपासणी करायची का?