हिरवं, गुलाबी आणि बोअरचं पाणी

‘वॉटर बॉडी गेली, साहेब.’ मेकॅनिकने गाडीचा खोललेला वॉटर पंप माझ्यासमोर उलटा धरला. शाफ्टच्या खाली एक बारीक भोक होतं आणि त्याच्याभोवती गुलाबी खडे धरले होते. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गळायला लागलं की कूलंटने बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, म्हणून.

सील म्हणजे एकमेकींना टेकलेल्या दोन गुळगुळीत कड्या, बहुतेकदा एक कार्बनची आणि दुसरी सिरॅमिकची. एक स्थिर, एक फिरती. त्यांच्यामधला कूलंटचा अतिशय पातळ थर हेच त्यांचं वंगण. त्या थरात क्षाराचा खर आला की कड्यांवर चरे पडलेच म्हणून समजा.

गंमत म्हणजे उष्णता वाहून न्यायला कूलंटपेक्षा नुसतं पाणी सरस. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल घातलं, की मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही आणि उकळतंही उशिरा. पण उणे ३७ चं महाबळेश्वरलाही काय काम? आपल्या उपयोगाची असतात ती त्यातली गंजरोधक रसायनं. प्रमाणाने थोडी, पण गाडीगणिक वेगळी.

जुन्या हिरव्या कूलंटमधली सिलिकेट्स ॲल्युमिनियमवर चटकन थर धरतात, पण साधारण दोन वर्षांत संपतात. नंतर आलेली सेंद्रिय आम्लं गंज धरू लागतो तिथेच काम करतात, त्यामुळे जास्त टिकतात. जपानी कंपन्यांनी सिलिकेट टाळलं, कारण त्याच्या साक्याने पंपाचं सील झिजेल ही धास्ती. त्यांनी फॉस्फेट घेतलं. युरोपात बऱ्याच ठिकाणी पाणी जड. तिथे फॉस्फेट कॅल्शियमशी मिळून खर धरतं, म्हणून त्यांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट ठेवलं.

आता आपली गंमत बघा. रस्त्यावर जपानी घराण्याच्या गाड्या भरपूर आणि बोअरचं पाणी बेसॉल्टमधलं, बऱ्याच गावांत चांगलंच जड. म्हणजे जपानचं रसायन आणि युरोपची अडचण एकाच रेडिएटरमध्ये! अशा वेळी मला तयार मिश्रणाचा डबाच बरा वाटतो. घट्ट कूलंट आणलं असेल तर त्यात बॅटरीचं पाणी घालावं.

रंगावर मात्र जाऊ नये. रंग नुसता ओळखीपुरता, कोणता कशाला द्यायचा याचा सर्वमान्य नियम नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला स्पेसिफिकेशन नंबर डब्यावर आहे का, एवढं पाहावं. वेगळ्या रसायनांची कूलंट्स एकत्र ओतली तर गंजरोधकांचा जोर कमी होतो, कधी गाळही धरतो.

पातळी खाली जाऊ देणंही पंपाला महागात पडतं. हवा शिरली की सील कोरडं घासतं. आणि रेडिएटरच्या झाकणाने दाब टिकत नसेल तर पात्यांजवळ वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात. फुटताना ते धातूचा टवका काढतात.

नवा पंप बसला. मेकॅनिकने गुलाबी कूलंटचा डबा फोडला आणि पोराला हाक मारली. पोरगं बोअरच्या नळाखालची बादली घेऊन आलं.