गायरानातील गवत : अन्नसाखळीचा पहिला दुवा

मृगाच्या सरी कोसळल्या की बालाघाटच्या डोंगररांगांतील उघडे माळ हिरवे होऊ लागतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी, अहमदपूर या परिसरात मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवते उगवतात. गावाच्या दृष्टीने हा गुरांचा चारा होय. वस्तुतः माळावरील समग्र जीवसृष्टीचा तो पाया आहे.

सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून हिरव्या वनस्पती स्वतःचे अन्न तयार करतात. म्हणून त्यांना उत्पादक म्हणतात. गवतावर नाकतोडे, ससे, हरणे व गुरे जगतात, तर त्याच्या बियांवर उंदीर. नाकतोड्यांना सरडे व गायबगळे खातात. उंदरांना साप व घुबडे, सशांना कोल्हे व लांडगे. शेण आणि मृत अवशेष यांचे विघटन शेणकिडे, वाळवी, बुरशी व जिवाणू करतात आणि त्यांतील द्रव्ये पुन्हा मातीला मिळतात.

मात्र या साखळीत प्रत्येक पायरीवर ऊर्जा घटत जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी १९४२ मध्ये या ऊर्जाप्रवाहाची मांडणी केली. स्थूलमानाने दहावा हिस्साच पुढे जातो, असे मानतात. गवतातील ऊर्जेचे १,००० भाग धरल्यास नाकतोड्यांकडे १००, सरड्यांकडे १० आणि सरडे खाणाऱ्या शिकऱ्याकडे अवघा १ भाग पोहोचतो. म्हणूनच माळ घटला की त्याची झळ प्रथम शिखरावरील प्राण्यांना बसते. पिकांची नासाडी करणाऱ्या उंदरांना आळा घालणारे घुबडही त्यांतलेच.

लाल कंधारी व देवणी हे नामांकित गोवंश याच भूमीत घडले. त्यांचे चराऊ माळ आज अतिक्रमण, अतिचराई व वणवे यांमुळे आक्रसत आहेत. गवताचा कोंब जमिनीलगत असल्याने चरल्यानंतरही ते पुन्हा फुटते. परंतु बी धरण्यापूर्वीच सतत चरले गेल्यास मुळे दुबळी होतात व माती उघडी पडते.

सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ मध्ये सर्व राज्यांना दिले. ग्रामपंचायतींनी गायरानाचे भाग पाडून आळीपाळीने चराई ठेवावी, एक भाग बी पडेपर्यंत राखावा व वाळलेले गवत पेटवू देऊ नये. शिक्षकांनी अन्नसाखळीचा पाठ वर्षातून एकदा तरी माळावरच शिकवावा. राखलेले गायरान म्हणजे गावाची पडीक जमीन नव्हे. ते गावाचे भांडवल आहे.