फोनवरून डॉक्टरांचा सल्ला : समाधान कशावर अवलंबून असते?

"डॉक्टर बोलले चांगलं, पण त्यायनं हात लावून पाह्यलंच नाही." फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर सल्ला घेतलेले पेशंट ओपीडीत आले की हे वाक्य हमखास ऐकू येते. याउलट, "घरबसल्या काम झालं, बसभाडं वाचलं" असे म्हणणारेही तेवढेच भेटतात. सेवा एकच असताना अनुभव इतका वेगळा का? आणि पेशंटचे समाधान झाले म्हणजे उपचार योग्य झाला, असे समजावे का?

ही सेवा आपल्याकडे कशी मिळते?

२५ मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर केले. त्यानंतर एप्रिल २०२० मध्ये 'ई-संजीवनी ओपीडी' ही मोफत सरकारी सेवा सुरू झाली. ई-संजीवनीचा लाभ दोन प्रकारे घेता येतो. पहिल्या प्रकारात तुम्ही घरूनच मोबाईल नंबरने नोंदणी करता, टोकन घेता आणि डॉक्टरांशी बोलता. दुसऱ्या प्रकारात तुम्ही गावातल्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात जाता. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तुम्हाला तपासून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात.

जिथे स्मार्टफोन सवयीचा नाही किंवा घरात रेंज येत नाही, तिथे दुसरा प्रकार जास्त सोयीचा. बीपी आणि तापमान मोजायला, पोटाला हात लावून पाहायला तिथे माणूस असतो. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत मेळघाटचा घाट आहे. तिथल्या पेशंटची नुसत्या रिपोर्ट दाखवण्यासाठीची एक फेरी वाचली, तरी त्याची दिवसाची मजुरी वाचते.

समाधान का होत नाही?

* पेशंटऐवजी दुसरेच बोलतात. आई अकोल्यात, मुलगा पुण्यात. कॉल मुलगा लावतो आणि त्रासही तोच सांगतो. आईला नेमके काय होते, ते राहूनच जाते. कॉलच्या वेळी पेशंट समोर हवा आणि त्याला स्वतः बोलू द्यावे. १६ वर्षांखालील मुलासोबत मोठे माणूस असावेच लागते.
* औषधांची नावे माहीत नसतात. "ती पांढरी छोटी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.
* इंजेक्शन किंवा 'कडक' औषध मिळत नाही. साध्या सर्दीला अँटिबायोटिक दिले नाही, तर ते डॉक्टरांचे दुर्लक्ष नव्हे. ते औषध विषाणूंवर चालतच नाही.
* "प्रत्यक्ष येऊन दाखवा" असे सांगितले जाते. अनेकांना हा कॉल वाया गेल्यासारखा वाटतो. खरे तर 'हे फोनवर ठरवता येणार नाही' हे वेळेवर कळणे, हाच त्या कॉलचा सर्वांत मोठा उपयोग असू शकतो.

म्हणून मागितलेले औषध मिळाले का, यावरून कॉलचे मोल ठरवू नका. कॉल संपल्यावर तीन गोष्टी तुम्हाला स्पष्ट कळल्या का, ते पाहा : त्रास कशाचा असावा, औषध कसे आणि किती दिवस घ्यायचे, आणि काय झाले तर लगेच दवाखाना गाठायचा. कळले नसेल तर तिथेच पुन्हा विचारा. ऐकलेले आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून पाहा. गैरसमज असेल तर लगेच लक्षात येतो.

कॉलच्या आधीची तयारी

1. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट जवळ ठेवा. कशाची ॲलर्जी असेल, दिवस गेलेले असतील किंवा सिकलसेल असेल, तर सुरुवातीलाच सांगा.
2. त्रास कधीपासून आहे, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, हे कागदावर लिहा.
3. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, खर्रा नको.
4. लहान मुलाचे वजन करून ठेवा. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.
5. पुरळ किंवा जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा.

फोन कशासाठी चांगला?

बीपी, शुगर, थायरॉईडच्या पेशंटची आधी प्रत्यक्ष तपासणी झाली असेल आणि आता गोळ्या चालू ठेवायच्या असतील, तर फोन पुरतो. रिपोर्ट समजून घेणे, आहाराचा सल्ला, साधी सर्दी यांसाठीही तो चांगला. मानसिक ताण असह्य होत असेल, तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत बोलता येते.

गुंगी आणणारी आणि सवय लावणारी काही औषधे अशा सल्ल्यातून देण्यास नियमानुसार बंदी आहे. डॉक्टरांनी नाही म्हटले, तर आग्रह धरू नका. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढे मात्र पाहून घ्या.

अशा वेळी व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका

* छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, झटके, बेशुद्धी
* साप किंवा विंचू चावणे
* कपाशीवर फवारणी करताना मळमळ, घाम, अंधारी येणे (कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत न्या)
* उन्हात काम करून अंग तापणे आणि बरळणे
* गरोदरपणात रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल कमी होणे
* तान्ह्या बाळाने दूध न पिणे

अशा वेळी १०८ ला फोन करा आणि जवळचे सरकारी रुग्णालय गाठा.

फोनवर सांगितलेल्या औषधाने दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना नवा कॉल लावण्याऐवजी प्रत्यक्ष जाऊन दाखवा. त्रास वाढत असेल तर तेवढेही थांबू नका. जाताना फोनवरची चिठ्ठी सोबत ठेवा, म्हणजे उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत.