कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते काय?

गरम चहात थंड चहा ओतला, की कोमट चहा तयार होतो. पण कोमट चहा आपोआप गरम आणि थंड अशा दोन भागांत विभागलेला कोणी पाहिला आहे काय? निसर्गातील ही एकमार्गी वाटचाल ज्या राशीने मोजतात, तिला एन्ट्रॉपी म्हणतात. बाहेरून काही न घेणाऱ्या व बाहेर काही न देणाऱ्या व्यूहाची एन्ट्रॉपी कधीही घटत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम होय.

आता हा कोमट चहा कृष्णविवरात ओतला तर? चहाबरोबर त्याची एन्ट्रॉपीही नाहीशी होईल आणि नियम मोडेल! प्रिन्स्टन विद्यापीठातील जॉन व्हीलर यांनी नेमका हाच पेच आपले विद्यार्थी जेकब बेकेनस्टाइन यांच्यापुढे टाकला.

उत्तराचा धागा गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातच होता. कृष्णविवराच्या सीमापृष्ठाला घटना-क्षितिज म्हणतात. त्याचे एकूण क्षेत्रफळ कधीच घटत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून दाखवले. न फिरणाऱ्या कृष्णविवराचे क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, प्रत्येकी १ एकक वस्तुमानाची दोन विवरे एकत्र आली आणि ०.१ एकक वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या रूपाने निघून गेले. वस्तुमान २ वरून १.९ झाले; पण क्षेत्रफळ १ + १ = २ वरून ३.६१ झाले!

कधीही न घटणारे हे क्षेत्रफळ म्हणजेच कृष्णविवराची एन्ट्रॉपी, असे बेकेनस्टाइन यांनी १९७२ साली मांडले. हॉकिंग यांना ते पटले नाही. एन्ट्रॉपी असेल तर तापमान हवे आणि तापमान असेल तर प्रारण हवे. कृष्णविवर तर काहीच बाहेर सोडत नाही! परंतु १९७४ साली त्यांनीच पुंजयामिकी लावून गणित केले, तेव्हा कृष्णविवर प्रारण सोडते असेच उत्तर आले. त्यामुळे विवराचे क्षेत्रफळ हळूहळू घटते खरे. पण बाहेर पडलेल्या प्रारणाची एन्ट्रॉपी मिळवली, की बेरीज घटत नाही.

सूर्याइतक्या वस्तुमानाच्या विवराचे तापमान एका केल्व्हिनच्या कोट्यंशाहूनही कमी भरते. म्हणूनच हे प्रारण अद्याप टिपता आलेले नाही. क्षेत्रफळाचा नियम मात्र पडताळता आला. १४ जानेवारी २०२५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. दोन्ही विवरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते. मीलनानंतर ते सुमारे ४,००,००० झाले.

चहाच्या पेल्याला लागू पडणारा नियम कृष्णविवरालाही चुकलेला नाही!