कोळशावरचा कर आणि आपलं विजेचं बिल

सालेकसाला नणंदेकडे गेलं की पहिल्या रात्री मला झोप येत नाही. घर रुळांजवळ. मुंबई-हावडा मार्गावरच्या कोळशाच्या मालगाड्या रात्रभर धडधडत जातात. जिल्ह्यातच तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, तेव्हा कोळशाचं कुणाला अप्रूप नाही. पण यंदा नणंदबाईंनी विजेचं बिल माझ्यापुढे ठेवलं. "का जी वहिनी, एवढा धूर होते म्हणतात, मग त्याच्यावर सरकार कर का नाही लावत?"

लावला होता की! २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. हिशेब किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. एक युनिट वीज काढायला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यातून जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड वर जातो. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. सगळी वीज कोळशाचीच धरली, तर युनिटमागे २५ ते ३० पैसे. शंभर युनिटांना पंचवीस-तीस रुपये! बिलावर मात्र त्याचा उल्लेख नाही.

बरं, धूर कमी झाला का? नाही. देशातला कोळशाचा वापर वाढतच गेला. घरोघरी पंखे, फ्रिज आले, विजेची मागणी वाढली, आणि कराचा भार दरातून आपल्याकडे सरकला. स्वीडनने १९९१ मध्ये असा कर लावला. तिथला धूर १९९० च्या मानाने तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटला. पण तिथे घरं उबदार ठेवायला तेलाऐवजी लाकडाचा टाकाऊ भुसा वापरायची सोय झाली होती. दुसरी वाट असली की कर माणसाला तिकडे वळवतो; नसली की नुसता खिसा हलका.

पैशाचं काय झालं, हे ऐकून तर नणंदबाई चिडल्याच. २०१७ पर्यंत ८६ हजार कोटींवर रक्कम जमली, स्वच्छ ऊर्जेच्या निधीत त्यातले तीस हजार कोटीही पोचले नाहीत. त्या वर्षी जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो रद्दच झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. हजार रुपये टनाच्या कोळशावर पूर्वी ५० अधिक ४०० असे ४५० पडत, आता १८० पडतात. म्हणजे हलक्या, राखेच्या कोळशाला उलट सूटच!

"मग उद्या सिलिंडरवर लावतील काय?" त्यांना खरी धास्ती ती. आसपास जंगल आहे. गॅस परवडला नाही की गावातल्या बाया पुन्हा मोळ्या आणणार, चुलीपुढे डोळे चोळणार. असा कर मला तरी मान्य नाही.

घरांच्या छपरावर सौर पॅनेलला २०२४ पासून केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, हे मी सांगितलं. त्यांच्या यजमानांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "पण आपली कौलं तो भार पेलतील काय?" सकाळी ते शिडी लावून वर चढलेच.