बीगलचे नाक

सशाच्या मागावर कळपाने धावण्यासाठी इंग्लंडात बीगल ही जात जोपासली गेली. २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये अशा शिकारीवर बंदी आली; पण कायद्याने नाक थोडेच बदलते? जमिनीवरचा वास एकदा लागला की धन्याची हाक त्याला ऐकूच येत नाही. त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे होय. माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडून हा गुण त्याच्यात मुरवला. तेव्हा रहदारीच्या रस्त्यावर त्याची साखळी सोडणे धोक्याचेच. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून ते वरचेवर तपासून कोरडे ठेवावे लागतात. खाण्याला तर त्याच्या लेखी अंतच नसतो. लाडाने घातलेल्या पोळीचा भार अखेर सांध्यांवर पडतो. कळपाच्या या प्राण्याला दिवसभर बंद सदनिकेत एकटे कोंडले, तर तो रडून शेजार डोक्यावर घेतो आणि दोषही त्याच्याच माथी येतो!

आटोपशीर बांधा आणि कमालीची सोशिकता या गुणांपायीच औषधांच्या चाचण्यांसाठीही त्याची निवड होत आली. २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अशा एका पैदास केंद्रातून न्यायालयाच्या संमतीने सुमारे ४,००० बीगल सोडविण्यात आले. त्यांतील कित्येकांच्या पायांना गवत ठाऊक नव्हते.